कलमं कराराने देणाऱ्या मुंबईकर गाववाल्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरार इथे राहणारे आणि गावची हापूसची कलमं कराराने देणारे
देवगड तालुक्यातले आमचे सगळे काका, दादा, आत्या, वहिनी यांस

सप्रेम नमस्कार.

गणपतीला तुम्ही घरी याल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाग घेणारा पडवीत येऊन बसेल, चहा होईल आणि पुढच्या हंगामाची रक्कम ठरेल. कुणाचा करार तीन वर्षांचा असतो, कुणाचा एकाच हंगामाचा आणि तोही तोंडी. रक्कम किती, हप्ते किती, घरी खायला किती पेट्या, एवढं झालं की बोलणं संपतं. त्या बोलण्यात एक गोष्ट कधी निघालेली मी ऐकलेली नाही. ती यंदा निघावी म्हणून हे पत्र. मोहोर फुललेला असताना सकाळच्या वेळी त्यावर औषध मारायचं नाही, एवढीच ती गोष्ट आहे.

हे बाग घेणाऱ्यालाच का सांगत नाही, असं तुम्ही म्हणाल. सांगतो की. तो ऐकूनही घेतो. "काका, तुमचा बरोबर आसा, पण मालकाक पैसे मी आधीच मोजलंय," एवढं बोलून पंप चालू करतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. एका हंगामात पैसे वसूल करायचे असतील तर कुठलाच माणूस जोखीम घेणार नाही. औषध मारलं की त्याला रात्री झोप लागते. पुढच्या वर्षी या बागेत माशी फिरकते की नाही याची फिकीर त्याने का करावी? पुढच्या वर्षी तो दुसऱ्या वाडीत असेल. झाडं मात्र तुमची आहेत, आणि तुमच्या नातवंडांचीही तीच राहणार आहेत.

अलीकडे दर हंगामात फोनवर एकच तक्रार ऐकू येते. मोहोर झकास आला, झाड पांढरं झालं, आणि शिमग्यापर्यंत नुसत्या काड्या राहिल्या. सेटिंगच, म्हणजे फळधारणाच, झाली नाही. याची कारणं पुष्कळ आहेत आणि सगळं खापर मी फवारणीवर फोडणार नाही. थंडी लांबली की मोहोरात नर फुलं जास्त येतात. पहिल्या मोहोरावर पुन्हा मोहोर आला की आधी धरलेली कणी, म्हणजे बारीक फळं, गळते. अवकाळी पाऊस, ढगाळ हवा, भुरी, तुडतुडे आणि आता हे फुलकिडे, सगळं खरं आहे. पण यातल्या थंडीला, पावसाला आपण काही करू शकत नाही. फवारणीची वेळ मात्र आपल्या हातातली आहे.

तुमच्यापैकी कितीजणांनी मोहोराचं एक फूल जवळून पाहिलंय? तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं असतं. एका झुपक्यावर अशी काही शे ते काही हजार फुलं. त्यातली बरीचशी नर, त्यांना फळ कधीच धरत नाही. जी द्विलिंगी असतात त्यांच्या मधोमध पिवळसर हिरवा बारीक मणी दिसतो, तीच पुढे कैरी. बाजूला पाच पुंकेसर असावेत, पण कामाचा बहुतेक एकच, बाकीचे खुरटलेले. त्या एका पुंकेसराच्या टोकाची पिशवी आधी गुलाबी असते. सकाळी ऊन चढून दव सुकलं की ती फुटते, जांभळी पडते आणि पराग उघडा होतो. हे काम साधारण आठ-नऊपासून दुपारपर्यंत चालतं. पराग थोडा आणि चिकट. भाताचा, मक्याचा पराग वाऱ्यावर जातो तसा हा जात नाही, कुणीतरी पायाला लावून न्यावा लागतो.

नेणारं कोण? इथेच गंमत आहे. परागीभवन म्हटलं की सगळ्यांना मधमाशी आठवते. आंब्याच्या मोहोरावर मात्र सगळ्यात मोठं काम करतात त्या साध्या माशा. घरातली माशी, मासळी बाजारात दिसते ती हिरवी-निळी चमकदार माशी, आणि अंगावर पिवळे-काळे पट्टे असलेली, हवेत एका जागी तरंगत राहणारी सिर्फिड माशी. ही तिसरी बघून बायका-पोरं मधमाशी म्हणून पळतात, पण तिला नांगी नाही. शिवाय तिच्या अळ्या मावा खातात, म्हणजे औषधाचं थोडं काम ती फुकटात करते. आंब्याचं फूल उघडं असतं, मध उथळ चकतीवर पसरलेला. तो चाटायला लांब सोंड लागत नाही. माशी झुपक्यावर चालत सुटते, चाटत चाटत एका फुलावरून दुसऱ्यावर, आणि पायांना, पोटाला लागलेला पराग पुढे देत जाते. मधमाश्याही येतात. पेटीतली सातेरी येते, झुडपात एकच पोळं बांधणारी बारकी फुलोरी येते, डंख नसलेली ट्रायगोना येते. पण जवळपास यापेक्षा चांगला मध कुठे मिळत असेल तर सातेरी आंब्याकडे पाठ फिरवते. माशीला एवढे नखरे नाहीत.

आमच्या बांधावरच्या एका कलमावर मी मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या शिवून काही झुपक्यांना बांधल्या होत्या. हवा आत जात होती, माशी नाही. आतल्या मोहोराला कणी जवळजवळ धरलीच नाही. त्याच फांदीवरच्या उघड्या झुपक्यांना धरली. कापड पन्नास-शंभर रुपयांचं मिळतं, ज्याला शंका असेल त्याने यंदा करून बघावं.

आता सकाळी बागेत काय चालतं ते सांगतो. एचटीपी म्हणजे जोरदार दाबाने फवारणारा पंप, दोनशे लिटरची टाकी, गन धरणारा एक, पाइप ओढणारे दोन. मजुरी दिवसाची, म्हणून काम सकाळी सातला सुरू होतं आणि बारा-साडेबारापर्यंत चालतं. म्हणजे जेव्हा फूल उघडतं, पराग सुटतो आणि माशी येते, नेमक्या त्याच तासांत. टाकीत एक औषध नसतं. तुडतुड्याचं, फुलकिड्याचं, भुरीचं, वर एखादं टॉनिक, वर एखादं दुकानदाराने "हे नवीन आलंय" म्हणून दिलेलं. कोण काय मिसळतंय याचा हिशेब मालकाकडे तर नसतोच, बऱ्याचदा गन धरणाऱ्याकडेही नसतो. औषध सोडा, नुसत्या पाण्याच्या त्या झोतानेही पराग धुऊन जातो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक पालवीपासून सुरू होतं. सहा फवारण्या, दोन फवारण्यांत साधारण दोन आठवडे. त्या वेळापत्रकाला कुणी शिव्या घालू नयेत, कारण मोहोर फुलला असताना कीटकनाशक शक्यतो टाळा आणि मारावंच लागलं तर सकाळी ९ ते १२ ही वेळ सोडा, हे विद्यापीठच सांगतं. पण सहाच्या जागी दहा-बारा फवारण्या मारणाऱ्याच्या कानावर हे जात नाही. खरं म्हणजे पालवीची आणि बोंगे (मोहोराचे कोंब) फुटतानाची फवारणी नेटाने केली तर फुलोऱ्यात मारायची गरज बरीच कमी होते. पण होतं असं की करार ठरायला उशीर, पहिला हप्ता द्यायला उशीर, बागेत पाय ठेवायला उशीर. पालवीची फवारणी चुकते आणि मग तुडतुडा वाढला की ऐन फुलोऱ्यात घाई. यात आपला मालकांचाही हात आहे.

औषधाच्या नावांची एक ओळख असू द्या, बाटली दाखवली तर वाचता येईल. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधं आहेत, झाडाच्या रसातून फिरतात आणि फुलाच्या मधात, परागात पोचू शकतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या दोन्हींवर आणि क्लोथियानिडीनवर उघड्या शेतातल्या वापरापुरती बंदी घातली, ती मधमाश्यांच्याच कारणाने. आपल्याकडे तुडतुड्यासाठी ती शिफारशीत आहेत. ती अजिबात नकोत असं मी म्हणत नाही. फूल उमलण्याआधी वापरा, उमलल्यावर नाही. फुलकिड्यासाठी स्पिनोसॅड मारतात. ते ओलं असेपर्यंत मधमाशीला जहाल, पूर्ण सुकल्यावर बरंच सौम्य. म्हणजे तेच औषध, तोच डोस, सकाळी नऊला मारलं तर माशी मेली आणि संध्याकाळी मारलं तर वाचण्याची शक्यता पुष्कळ.

संध्याकाळच्या फवारणीला बाग घेणाऱ्याची हरकत असते आणि ती अगदीच खोटी नाही. दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो, फवारा झाडावर कमी आणि शेजाऱ्याच्या अंगणात जास्त पडतो. पण सूर्य मावळतीला आला की वारा कमी होतो. तेवढी वेळ मिळते. एका दिवसात सगळी बाग उरकणार नाही, दोन संध्याकाळी लागतील, मजुरी वाढेल. ती किती वाढेल ते त्याच्याशी बसून काढा आणि कराराच्या रकमेतून तेवढी सोडा. आंब्याला मुंबईच्या बाजारात काय भाव मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, एका कलमावर दोन पेट्या वाढल्या तरी हिशेब जुळतो.

अजून एक गैरसमज बाग घेणाऱ्यांत पक्का बसलाय. मोहोरावर माशा घोंघावताना दिसल्या की "खार (चिकटा) पडला, मारा औषध" असं होतं. तुडतुडे रस शोषून चिकटा सोडतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि त्या गोड चिकट्यावर माशा येतात, इथवर बरोबर. पण माशी चिकट्यावर आलीय की फुलावर, हे झाडाखाली उभं राहून बघायला दोन मिनिटं लागतात. पान चकाकत असेल, हाताला चिकट लागत असेल, फांदी हलवल्यावर तुडतुडे उडत असतील तर औषधाचा विचार करा. पानं कोरडी आणि माशा फुलांवर असतील तर त्या तुमच्या कामाला आल्यात, त्यांना हाकलू नका. आणि कैरी पिकताना आत अळ्या करणारी फळमाशी, ती निराळी. तिच्यासाठी विद्यापीठाचा रक्षक सापळा आहे. त्यातल्या मिथाईल युजेनॉलच्या वासाला त्या फळमाशीचे नर येतात, मोहोरावरच्या माशा नाहीत. तो जरूर लावा.

माशी बागेत यावी म्हणून काहीजण मासळीचं टाकाऊ, डोकी, आतडी मडक्यात घालून झाडांखाली ठेवतात. वासाने जीव नकोसा होतो आणि गावातली सगळी कुत्री तिथे जमतात, पण हा वेडेपणा नाही. तैवानमध्ये आंबा पिकवणारे शेतकरी कुजकी मासळी वापरून अशा निळ्या-हिरव्या माश्या मुद्दाम वाढवतात. आपल्याकडे बंदरावर ही टाकाऊ मासळी मिळायला अडचण नाही. घरापासून, विहिरीपासून लांब, मडक्याला जाळी बांधून ठेवली तर चालेल. पण एका बाजूला मडकी आणि दुसऱ्या बाजूला सकाळचा पंप असेल तर तो माशांसाठी लावलेला सापळाच झाला.

मधपेट्यांचंही तसंच. केंद्राने २०२० मध्ये मधमाशीपालनासाठी ५०० कोटींची योजना जाहीर केली, महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव झालं, खादी ग्रामोद्योगाची केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आपल्या पुण्यातच आहे. कुणी सातेरीच्या पेट्या ठेवायला तयार असेल तर ठेवू द्या, जागेचे पैसे मागू नका. मात्र शेजारी कधी काय फवारणार हे त्याला आदल्या दिवशी कळलं पाहिजे, म्हणजे तो पेटीचं दार लावून घेईल. न कळवता फवारलं तर पेटी रिकामी होते आणि तो माणूस पुन्हा आपल्या वाडीत पाय ठेवत नाही.

आता रायवळांबद्दल, म्हणजे बाठीपासून उगवलेल्या गावठी आंब्यांबद्दल. यावर मला जरा रागाने लिहायचं आहे. बांधावरचे, पाणंदीतले जुने रायवळ गेल्या काही वर्षांत सपासप तुटले. फळ्यांना भाव आला, शिवाय "रायवळावर रोग वाढतो, तोडून टाका" असा सल्ला मिळाला. तोडण्याआधी एवढं समजून घ्या. तुमच्या बागेतली सगळी हापूसची कलमं म्हणजे एकाच झाडाच्या काड्या आहेत. शंभर कलमं असली तरी परागाच्या दृष्टीने झाड एकच. हापूसला स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही, त्याला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. म्हणजे माशी शंभर झाडं फिरली तरी पायाला हापूसचाच पराग घेऊन फिरली, तर तिची अर्धी मेहनत वाया. तो दुसरा पराग आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात कुठून यायचा? रायवळांकडून, पायरीकडून. विद्यापीठ आज सांगतं की हापूसच्या बागेत केसर, रत्ना, पायरी अशी काही झाडं मधेमधे लावा. रत्ना आपल्याच वेंगुर्ल्याच्या केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये आली. नवं झाड लावून थांबायला वेळ नसेल तर एखाद्या जुन्या हापूसच्या दोन फांद्यांवर केसरची पाचर कलमं बांधून घ्या. गावात ते काम येणारी माणसं अजून आहेत. रायवळ तोडायची परवानगी मात्र फोनवरून देऊ नका.

तसंच गडग्यांचं. चिऱ्यांचे, कातळाच्या दगडांचे जुने गडगे पाडून सिमेंटचं कुंपण घालायची टूम निघालीय. डंख नसलेली ट्रायगोना माशी त्या गडग्यांच्या फटीत, जुन्या झाडांच्या ढोलीत राहते. दगडाच्या सांध्यातून बोटाच्या पेराएवढी डिंकाची काळपट नळी बाहेर आलेली दिसली, तोंडाशी डासाहून जरा मोठ्या माश्या पहाऱ्याला बसलेल्या दिसल्या, तर तिथे तिचं घर आहे. गडगा पाडायचाच असेल तर तेवढा तुकडा तसाच ठेवा. आणि बागेतलं सगळं तण तणनाशकाने लाल करायचं, सड्यावरचं (कातळाच्या माळावरचं) गवत पेटवून द्यायचं, हेही बंद झालं पाहिजे. मोहोर दीड-दोन महिने असतो. उरलेले दहा महिने या माशा, मधमाश्या काय खाऊन जगतात? बांधावरची झुडपं, गवतातली फुलं. झाडाच्या आळ्यात तण नको हे समजतं, पण बांधापर्यंत सगळं उजाड करायची गरज नसते. वणव्यात नंतर कलमंच जळाली की मग फोन येतात ते वेगळेच.

फळपीक विम्याचा कुणी विषय काढील म्हणून सांगतो. तो विमा हवामानाचा आहे. अवकाळी पाऊस, तापमान, वारा यांच्या आकड्यांवर पैसे मिळतात. मोहोरावर माशीच आली नाही, हे कुठल्याही हवामान केंद्राच्या नोंदीत दिसत नाही.

तर करारात काय लिहायचं? मोहोर निम्म्याहून जास्त फुललेला असेल तेव्हा कीटकनाशक नाही. कीड हाताबाहेर गेली आणि मारणं भागच पडलं तर मालकाला किंवा गावातल्या त्याच्या माणसाला विचारून, सूर्य कललेल्या वेळेत. प्रत्येक फवारणीची तारीख, वेळ, औषधाचं नाव आणि डोस एका वहीत, आणि बाटलीचा फोटो व्हॉट्सॲपवर. रायवळ, पायरी, गडगा यांना हात लावायचा नाही. कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून झाडाच्या मुळाशी घालतात ते औषध, घालायचं की नाही हा मोठा विषय आहे, तो आज काढत नाही, पण तेही लेखीच असावं. आणि मुदत एका वर्षाची नको, निदान तीन-चार वर्षांची ठेवा. बाग पुढच्या वर्षीही आपल्याचकडे आहे हे कळलं की तोच माणूस वेगळा वागतो, हे मी आमच्याच वाडीत पाहिलंय. रक्कम थोडी कमी येईल. गावात लक्ष ठेवायला तुमचं कुणी नसेल तर आम्ही चार-पाच जण आहोत, पैसे नकोत, फक्त तुमच्या बाग घेणाऱ्याला आमचं नाव सांगून ठेवा. आम्ही बागेत गेलो तर "तुमी कोण इचारणारे" हे ऐकून परत यायला नको.

कराराचा मसुदा मराठीत टाईप करून ठेवला आहे. नाव, गट नंबर, कलमांची संख्या आणि रक्कम यांच्या जागा कोऱ्या आहेत. ऋषिपंचमीला दुपारी चार वाजता आमच्या खळ्यात बसू. ज्यांचा करार यंदा संपतोय त्यांनी नक्की यावं. ज्यांचा अजून चालू आहे त्यांनी बाग घेणाऱ्यालाही सोबत आणावं, त्याचं म्हणणंही ऐकायचं आहे. गाडीचं तिकीट मिळालं नाही आणि यंदा येणं जमत नाही असं कुणाचं असेल, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठवावं, मसुदा मी त्यांच्याकडे देईन.

तुमचाच,
बांधाला बांध असलेला एक बागायतदार
देवगड तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग